ऐकून ठेवलेली नावं

हवाई म्हणजे समुद्र, सर्फिंग आणि हनिमून एवढंच डोक्यात असेल, तर जरा थांबा. या बेटांवर नखाएवढ्या रातकिड्यांच्या दोनशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यातल्या कित्येक ओळखायला डोळे पुरत नाहीत, कानच लागतात!

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळाशार समुद्र, गळ्यात फुलांचा हार, हातात छोटीशी छत्री खोचलेलं कॉकटेल आणि ऑफिसातल्या सगळ्यांना जळवणारा एक झकास फोटो. पॅकेज टूरवाल्यांचं हवाई एवढंच असतं. चार रात्री, पाच दिवस, ब्रेकफास्टसकट.

पण या बेटांतल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या, म्हणजे ‘बिग आयलंड’च्या पूर्व किनाऱ्यावर हिलो नावाचं एक शहर आहे. तिथे बीचवर लोळून टॅन व्हायचा प्लॅन असेल तर विसरा. हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तोही मुंबईसारखा चार महिन्यांत उरकून नाही, तर वर्षभर, थोडा थोडा करून. अगदी ईएमआयसारखा! त्यामुळे हिलोच्या मागचा डोंगर म्हणजे गच्च हिरवं प्रकरण आहे. माणसाहून उंच नेचे, शेवाळलेली खोडं आणि लाल तुऱ्यांची ओहियाची झाडं.

या जंगलात भर दुपारी शिरायचं. बोलायचं नाही, मोबाइल सायलेंटवर. दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही. मग पायाशी, कुजक्या पानांच्या थरातून कुठून तरी एक बारीक आवाज येतो. टिक.. मग शांतता. परत टिक.. लांब कुठे घड्याळ टांगलंय की काय, असं वाटावं. खाली वाकून शोधायला जावं तर काही दिसत नाही. एक पाऊल टाकलं की घड्याळ बंद!

हा आहे लाउपाला. सेंटिमीटरभर लांबीचा, काळपट-तपकिरी, उडता न येणारा रातकिडा. नावात रात असली तरी हा गडी दिवसासुद्धा गातो. आणि याच ‘टिक टिक’मुळे कीटकशास्त्राच्या जगात हे बेट हनिमूनवाल्यांपेक्षाही जास्त फेमस आहे.

सेम टु सेम, पण वेगळे

लाउपाला हे एका किड्याचं नाव नाही, ते आडनाव आहे असं समजा. या आडनावाच्या ३८ प्रजाती आतापर्यंत शास्त्रज्ञांनी नोंदवल्यात. सगळ्या फक्त हवाईत, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. गंमत अशी, की यातल्या कित्येक प्रजाती शेजारी शेजारी ठेवल्या तर तज्ज्ञांनाही वेगळ्या करता येत नाहीत. तोच रंग, तोच आकार, त्याच मिशा. खातातही साधारण तेच आणि राहतातही त्याच पालापाचोळ्यात. काही ठिकाणी तर एकाच जंगलात तीन-चार प्रजाती गुण्यागोविंदाने नांदतात.

मग त्या वेगळ्या कशावरून? टिकटिकीच्या वेगावरून!

आता एक प्रयोग करा. ऑफिसात असाल तर शेजारच्याकडे दुर्लक्ष करून करा. टेबलावर बोटाने टकटक करायची. दहा सेकंदांत सात वेळा. अगदी निवांत, संथ. हा झाला लाउपाला पॅरानिग्रा. याचा मुक्काम हिलोच्या बाजूला, मौना केआ पर्वताच्या उतारावर. आता दहा सेकंदांत सदतीस वेळा. बोट दमलं ना? हा झाला लाउपाला कोहालेन्सिस. हा बेटाच्या उत्तर टोकाचा, कोहाला पर्वतातला. सेकंदाला ०.७ टिक आणि सेकंदाला ३.७ टिक. हा फरक सोडला तर दोघं एकमेकांचे जुळे भाऊ शोभावेत इतके सारखे.

आवाजाचं यंत्र सोपं आहे. नराच्या पुढच्या पंखावर कंगव्याच्या दातांसारखी बारीक रेघ असते आणि दुसऱ्या पंखाला धार. धार दातांवरून घासली की टिक. कंगव्यावरून नख फिरवल्यावर होतो ना, तसाच प्रकार. लाउपालाचे पंख एवढेसे, उडायला निरुपयोगी. ते फक्त गाण्यासाठी उरलेत. आणि ऐकायचे कान कुठे? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली!

गातो फक्त नर. मादी गप्प राहून ऐकते आणि आपल्या पसंतीच्या तालाकडे चालत जाते. प्रयोगशाळेत दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवून वेगवेगळ्या वेगाची टिकटिक वाजवली, तरी ती आपल्या प्रजातीच्या वेगाचाच स्पीकर निवडते. नर नसला तरी चालेल, पण ताल चुकलेला चालणार नाही!

पाहुणे आले आणि घरचे झाले

एवढे सगळे आले कुठून? हवाई बेटं पॅसिफिक महासागराच्या मधोमध आहेत. सगळ्यात जवळचा खंड सुमारे पावणेचार हजार किलोमीटर लांब. मुंबई ते गुवाहाटी सरळ अंतर मोजलं तर ते याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरतं आणि इथे मध्ये नुसतं पाणी. या बेटांची जमीन कधीही कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्राच्या तळाखालून वर येणाऱ्या लाव्हाने ती बांधली. लाव्हाची शेगडी एकाच जागी आहे आणि वरचा समुद्रतळ हळूहळू वायव्येला सरकतोय. त्यामुळे एकेक बेट तयार होतं आणि पुढे सरकतं. तव्यावरून एकेक घावन काढत जावं तसं. वायव्येचं कवाई सुमारे ५० लाख वर्षांचं म्हातारं आणि दक्षिणेचं बिग आयलंड अजून तव्यावरच. याच्या जमिनीचं वय दहा लाख वर्षांच्या आत.

अशा ठिकाणी जे पोहोचलं ते वाऱ्याने, पक्ष्याच्या पायाला चिकटून किंवा ओंडक्यावर बसून. रातकिडे बहुधा वाहत आलेल्या लाकडात घातलेल्या अंड्यांतून आले असावेत. तेही लाखो वर्षांत अगदी मोजके पाहुणे. पण रिकामं घर मिळाल्यावर पाहुण्यांनी असा काही संसार थाटला की आज इथे रातकिड्यांच्या दोनशेहून अधिक मूळनिवासी प्रजाती आहेत. अमेरिकेच्या अख्ख्या मुख्य भूमीवर आहेत त्याच्या जवळपास दुप्पट! उलट आपल्या ओळखीचा आखूड मिशांचा, शेतातला नाकतोडा मात्र इथला मूळचा नाहीच. त्याला ही बोट चुकली. लांब मिशांचे, पानासारखे हिरवे चुलत नाकतोडे तेवढे आले. त्यांचं आडनाव बान्झा.

२००५ मध्ये टॅम्रा मेंडेलसन आणि केरी शॉ या दोन शास्त्रज्ञ बायकांनी ‘नेचर’मध्ये लाउपालाचा हिशोब मांडला. बिग आयलंडवर या घराण्यात दहा लाख वर्षांना ४.१७ नव्या प्रजाती या वेगाने भर पडलीये. तोवर कीटक, कोळी, खेकडे या सगळ्या सांधेपाद प्राण्यांमध्ये मोजला गेलेला हा सर्वाधिक वेग होता. आपल्याला दहा लाख वर्षं म्हणजे अनंतकाळ वाटतो. उत्क्रांतीच्या घड्याळात ही टी-ट्वेंटी आहे.

कारण? दोघींच्या मते, पसंती. अन्न बदललं नाही, घर बदललं नाही. एका जंगलातल्या माद्यांना थोडा जलद ताल आवडू लागला, दुसरीकडच्यांना संथ. नर तसे गाऊ लागले आणि वाटा वेगळ्या झाल्या. प्रयोगशाळेत कोहालेन्सिस आणि पॅरानिग्राची जोडी जमवली तर पिल्लं होतात, त्या पिल्लांनाही पिल्लं होतात आणि त्यांची टिकटिक मधल्याच कुठल्या तरी वेगाची असते. म्हणजे शरीराची हरकत नाही. हरकत आहे ती कानाची.

नाव द्यायचं म्हणजे काय करायचं?

या जंगलांत नावं शोधत फिरणारा पहिला मोठा माणूस म्हणजे आर. सी. एल. पर्किन्स. १८९२ मध्ये हा इंग्रज हवाईत उतरला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. तंबू, जाळी आणि बाटल्या घेऊन त्याने वर्षानुवर्षं एकेक डोंगर पायी पालथा घातला. नाकतोडे-रातकिड्यांवरचा त्याचा भाग १८९९ मध्ये छापून आला. पण पर्किन्सच्या काळात जंगलात आवाज रेकॉर्ड करायची सोय नव्हती. पेटीतला मेलेला किडा गात नाही.

ही उणीव भरून काढली डॅनियल ओट्टे यांनी. फिलाडेल्फियाच्या अॅकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसमधला हा शास्त्रज्ञ नाकतोड्यांचा जगातला मोठा जाणकार, शिवाय उत्तम चित्रकार. नाकतोड्यांच्या पुस्तकांतली चित्रं स्वतः काढणारा. त्यांनी हवाईची जंगलं टेपरेकॉर्डर घेऊन पिंजून काढली आणि १९९४ मध्ये ‘द क्रिकेट्स ऑफ हवाई’ हा ग्रंथ आला. ज्यांना आधी नावच नव्हतं, अशा ढीगभर प्रजाती त्यात एकदम कागदावर आल्या. त्यावरही काम संपलं नाहीच. २००० मध्ये केरी शॉ यांनी आणखी दोन नवे लाउपाला जाहीर केले. त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच सांगत होतं, की हवाईच्या जंगलात अजून वेगळे आवाज शिल्लक आहेत.

‘नवी प्रजाती सापडली’ ही बातमी आपण दोन सेकंदांत स्क्रोल करतो. प्रत्यक्षात हे काम इन्कमटॅक्सच्या रिटर्नपेक्षा किचकट आहे. आधी गाणारा नर हेरायचा. पकडायच्या आधी त्याचं गाणं रेकॉर्ड करायचं आणि त्या क्षणाचं तापमान लिहून ठेवायचं. कारण हवा गरम झाली की किड्याचा ताल वाढतो. थंड सकाळचा आवाज आणि गरम दुपारचा आवाज यांची तुलना केली, की एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती व्हायच्या! मग पालापाचोळ्यात गुडघे टेकून, हाताने त्याला पकडायचं. गाणाराच हाती लागला याची खात्री करायची.

पुढचं काम मायक्रोस्कोपखाली. पंखावरच्या कंगव्याचे दात मोजायचे, पायांची लांबी घ्यायची, जननेंद्रियाचा आकार तपासायचा. कारण कीटकांत बऱ्याचदा तीच खरी ओळख असते. मग जुन्या सगळ्या नोंदी आणि म्युझियममधले जुने नमुने काढून पडताळायचं, की हा आधी कुणी नोंदवलेला तर नाही ना. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये कीटकांचे एक कोटीहून अधिक नमुने आहेत. त्यात आपला किडा ‘नाही’ हे सिद्ध करणं म्हणजे किती तासांचं काम, विचार करा.

एवढं झालं की त्यातला एकच नमुना निवडायचा. तो होलोटाइप. म्हणजे त्या प्रजातीचा कायमचा जामीनदार! उद्या शंभर वर्षांनी वाद झाला तर याच किड्याला साक्षीला काढतात. त्याच्या टाचणीला चिठ्ठी लागते. कुठे सापडला, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, कुणाला. मग वर्णन, आकृत्या, नाव आणि छापील प्रसिद्धी. छापून आलं की नाव अधिकृत. प्राण्यांच्या नावांचे हे नियम १७५८ च्या लिनियसच्या पुस्तकापासून मोजले जातात.

नाव लॅटिन वळणाचं असतं, पण भारदस्तपणाला घाबरू नका. कोहालेन्सिस म्हणजे कोहालाचा. आपल्याकडे साताऱ्याचा सातारकर, तसा हा कोहालाकर! आणि पॅरानिग्रा म्हणजे निग्राच्या जवळचा. निग्रा नावाचा त्यांचा एक भाऊबंद आहे, त्याच्यावरून.

लाव्हा थंड झाला की पहिला भाडेकरू

सगळेच रातकिडे गात नाहीत. बिग आयलंडवर एक बिनपंखी, मुका रातकिडा आहे आणि त्याचा पत्ता ऐकून थक्क व्हायला होतं. काकोनेमोबियस फोरी. स्थानिक भाषेत त्याला ‘ऊहिनी नेने पेले’ म्हणतात. पेले ही ज्वालामुखीची देवी. (फुटबॉलवाले पेले नव्हेत!) हा राहतो नुकत्याच थंड झालेल्या लाव्हावर. जिथे गवताचं पातं नाही, मातीचा कण नाही, दुपारी दगडाला हात लावला तर चटका बसतो, तिथे. दिवसभर भेगांत दडायचं आणि रात्री बाहेर येऊन वाऱ्याने आणून टाकलेला कचरा खायचा. काही वर्षांनी तिथे पहिली रोपटी उगवू लागली, की हा भाडेकरू जागा सोडतो. याला हिरवळ मानवत नाही!

याला नाव मिळालं १९७८ मध्ये. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर नऊ वर्षांनी. २०१८ मध्ये किलाउआचा मोठा उद्रेक झाला, सातशेहून जास्त घरं लाव्हाखाली गेली. त्यानंतर नव्या लाव्हावर हे किडे कधी आणि कुठून येतात हे बघायला संशोधक पोहोचले. पकडायची युक्ती काय? रिकाम्या बाटलीत सडक्या मोज्यासारखं वास मारणारं चीज टाकायचं आणि बाटली भेगेत ठेवून द्यायची.

हिलोपासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं काढलीत तरी या घराण्याचा दुसरा पत्ता बघता येतो. काउमाना गुहा. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, जिना उतरायचा, आत मिट्ट काळोख. ही गुहा म्हणजे लाव्हाचा बोगदा. वरचा थर थंड होऊन कडक झाला आणि आतला लाव्हा वाहून गेला, तो १८८१ मध्ये. म्हणजे आपलं व्हीटी स्टेशन बांधून व्हायच्या सात वर्षं आधी. इतक्या कोऱ्या गुहेत काही राहत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थ यांनी हवाईच्या लाव्हा-गुहांत शोधायला सुरुवात केली आणि आत अंधारातच जगणारी अख्खी दुनिया निघाली. काउमानातल्या फिक्या रंगाच्या, बारीक डोळ्यांच्या रातकिड्यालाही १९७८ मध्येच नाव मिळालं. काकोनेमोबियस वेरियस. गुहा नवी असली तरी किडा जुना. लाव्हाच्या भेगाभेगांतून तो एका प्रवाहातून दुसऱ्यात सरकत राहतो.

कवाईची सायलेंट नाइट

आता बेटांच्या दुसऱ्या टोकाला, कवाईला जाऊ. हिरवे कडे, धबधबे, ‘जुरासिक पार्क’चं शूटिंग. पण मार्लीन झुक या शास्त्रज्ञाला कवाईत दिसली ती वेगळीच भुताटकी.

इथल्या लॉनवर एक मोठा रातकिडा असतो, टेलिओग्रायलस ओशियानिकस. हा हवाईचा मूळचा नाही, पॅसिफिकमधल्या बेटांवरून आलेला. त्याच्यामागे उत्तर अमेरिकेतून आली एक माशी. ही माशी रात्री नराचं गाणं ऐकून नेम धरते आणि त्याच्या अंगावर अळ्या सोडते. अळ्या आत शिरून त्याला जिवंतपणीच पोखरतात. आठवडाभरात खेळ खलास. गाणं गायलं नाही तर बायको नाही आणि गायलं तर मरण!

नव्वदच्या दशकात झुक जायच्या तेव्हा तेव्हा कवाईत आवाज कमी होत गेला. किडे संपले, असंच वाटत होतं. २००३ मध्ये हेडलॅम्प लावून बघतात तर गवतात किडे भरपूर! पण गप्प. पकडून बघितलं तर नरांच्या पंखांवरचा कंगवाच गायब, पंख मादीसारखे गुळगुळीत. नव्वद टक्क्यांहून अधिक नर मुके झाले होते आणि तेही जेमतेम वीसेक पिढ्यांत. मग त्यांना बायको मिळते कशी? उरलेसुरले गाणारे नर असतात, त्यांच्या आसपास ही मंडळी दबा धरून बसतात. गाणं त्याचं, डेट यांची!

२००५ मध्ये ओआहू बेटावरही असेच मुके नर दिसले. जनुकं तपासली तेव्हा कळलं, की तिथला बदल कवाईपासून स्वतंत्रपणे घडलाय. २०१८ मध्ये संशोधकांनी मोलोकाईवरून तिसरीच बातमी दिली. तिथले काही नर मांजरासारखी बारीक घुरघुर करत होते. मादीला ऐकू जाईल इतपत आणि माशीच्या कानांवर सहसा जाणार नाही इतपत.

हे सगळं आपल्या हयातीत घडलंय. नीट ऐकणारं कुणी तिथे दरवर्षी गेलं नसतं, तर नोंद एवढीच झाली असती, की कवाईत रातकिडे होते आणि मग ते संपले. दोन्ही अर्धवट!

फाइल उघडायला नाव लागतं

किड्याला नाव असो नसो, त्याचं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे. त्याला काहीच कळत नाही. पण सरकारला कळतं. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याने एखाद्या जिवाला संरक्षण द्यायचं, तर आधी तो जीव कोण हे सांगावं लागतं. २०१६ मध्ये हवाईच्या पिवळ्या चेहऱ्याच्या सात मधमाश्यांना या यादीत जागा मिळाली. अमेरिकेत मधमाश्यांना असं संरक्षण मिळण्याची ती पहिली वेळ. त्या सातपैकी दोघींना शास्त्रीय नाव मिळालं होतं ते २००३ मध्ये. ते काम त्या वर्षी कुणी केलं नसतं, तर १३ वर्षांनी यादीत पाचच नावं असती. उरलेल्या दोघी असत्या किंवा नसत्या, फाइल उघडलीच नसती.

आणि हवाईत घाई आहे. बिग आयलंडवर ओहियाच्या झाडांना बुरशीचा एक रोग लागलाय. २०१४ मध्ये त्याचं कारण सापडलं, पण तोवर झाडं मरायला लागली होती आणि नंतर हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. लाउपालाचा पालापाचोळा याच जंगलातला. जंगल विरळ झालं, ऊन खाली उतरलं की ओल संपते.

त्यातच पोर्तो रिकोहून नर्सरीच्या कुंड्यांत लपून एक नाणंभर बेडूक आलाय, कोकी. साधारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आला आणि बिग आयलंडभर पसरला. नर रात्रभर ‘को-की, को-की’ असा ओरडतो, तोही नव्वद डेसिबलपर्यंत. मिक्सर सुरू ठेवून झोपल्यासारखं! लाउपाला दिवसा गातो म्हणून त्याचं गाणं अजून ऐकू येतं. पण हा बेडूक खातो काय? पालापाचोळ्यातले किडे.

नाव चुकीचं घेतलं तरी पंचाईत होते. हवाईच्या वायव्येला निहोआ नावाचा एक चौरस किलोमीटरही नसलेला खडक आहे. तिथे बान्झा निहोआ हा लांब मिशांचा हिरवा नाकतोडा राहतो. १९७८ मध्ये नाव मिळालेला, जगात फक्त त्या खडकावर असलेला. आणि तिथेच शिस्टोसर्का निटेन्स हा अमेरिकेतून आलेला आखूड मिशांचा परका नाकतोडाही पोहोचलाय. याचं आडनाव ओळखीचं वाटतंय? २०२० च्या मे महिन्यात विदर्भात संत्र्याच्या बागांवर उतरलेली टोळधाड आठवा. तो टोळ म्हणजे शिस्टोसर्का ग्रेगारिया, याचाच चुलत भाऊ. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परक्याची संख्या निहोआवर अशी फुटली की खडकावरची झाडंझुडपं बोडकी झाली. अशा वेळी ‘नाकतोडे मारा’ एवढं म्हणून भागत नाही. कोणता मारायचा आणि कोणता वाचवायचा? याचं उत्तर १९७८ च्या त्या वर्णनात आहे, मिशांच्या लांबीपासून सगळं.

म्हणून हवाईला जाणार असाल तर समुद्र बघाच, कॉकटेलही प्या. पण एक दुपार हिलोच्या मागच्या जंगलासाठी राखून ठेवा. हातात काही नको. उभं राहायचं आणि घड्याळावर दहा सेकंद मोजायचे. किती टिक झाल्या? सात? पंचवीस? सदतीस? हा आकडा म्हणजे तिथे कोण राहतं त्याची पाटी आहे. ती वाचता यावी म्हणून काही माणसांनी आयुष्यातली कित्येक वर्षं चिखलात गुडघे टेकून काढलीत.

जायचं असेल तर..

कसं जाल? भारतातून हवाईला थेट विमान नाही. आशियातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या शहरात विमान बदलून होनोलुलू गाठायचं, तिथून हिलो किंवा कोना. अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यामुळे तयारी बरीच आधी सुरू करा. हवाई आपल्या साडेपंधरा तास मागे आहे. तुमची सोमवार सकाळची मीटिंग तिथे रविवारी संध्याकाळी असते, तेव्हा बॉसला आधीच सांगून ठेवा!

काय बघाल? हिलोजवळची काउमाना गुहा (प्रत्येकी दोन टॉर्च आणि चांगले बूट हवेतच), सॅडल रोडवर १८५५ आणि १८८१ च्या लाव्हाने वेढलेले जंगलाचे तुकडे, म्हणजे किपुका, उत्तरेला पोलोलू दरी आणि हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकात इथे लाव्हाची उंच कारंजी वारंवार उसळली. निघण्याआधी पार्कची ताजी सूचना बघून घ्या.

काय पाळाल? जंगलात शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर बुटांचे तळवे घासून माती काढा आणि त्यावर ७० टक्के अल्कोहोलचा फवारा मारा. ओहियाची बुरशी मातीतून पसरते. किडे पकडायचे नाहीत, त्याला परवाना लागतो. पार्कमधला दगड खिशात घालायचा नाही, तो गुन्हा आहे. शिवाय पेलेचा शाप लागला म्हणून दगड पोस्टाने परत पाठवणारे टुरिस्ट दरवर्षी असतात.

काय आणाल? मोबाइलवर केलेलं एक रेकॉर्डिंग. सोबत जागा, वेळ आणि जमलं तर तापमान लिहून ठेवा. दगडापेक्षा हे बरं.